पगारवाढ मागायची शिकवणी: साडेसात हजारांत काय मिळालं

तीन बैठका, प्रत्येकी एक तास, फी साडेसात हजार रुपये, तीही आगाऊ. काम एकच: साहेबांकडे पगारवाढ मागायची तयारी करून देणं. नळ स्टॉपजवळ एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ही सेवा चालते. चालवणाऱ्या मॅडम पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत सत्तावीस वर्षं एचआरमध्ये होत्या आणि त्यांच्या मदतीला एक तरुण मुलगा आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. दोन माणसांचं छोटं काम आहे आणि मला जे खटकलं तेही लिहायचं आहे. मी गेले होते 2025च्या जानेवारीत. आता पुन्हा अप्रेझलचे दिवस आलेत, ऑफिसातल्या दोघीतिघींनी विचारलं, म्हणून सगळं नीट लिहून काढते.

मी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सप्लायर क्वालिटी बघते. तेव्हा आठ वर्षं झाली होती. बाहेरून ॲल्युमिनियमची डायकास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले पार्ट, येतात, आमच्याकडे मशीनिंग आणि लीक टेस्ट होऊन पुढे गाडीवाल्यांकडे जातात. कास्टिंगच्या आत हवा अडकून पोकळी राहिली की पार्ट लीक टेस्टला फेल जातो. आमच्याकडून निसटून पुढे गेला तर कस्टमरची लाइन थांबते. मग डेबिट नोट, म्हणजे नुकसान आमच्याकडून वसूल करायची नोट, येते, सॉर्टिंगला, म्हणजे खराब पार्ट वेगळे काढायला, माणसं पाठवावी लागतात, रात्री अकराला फोन वाजतो. तो फोन आठ वर्षं माझाच वाजत होता.

पगार होता वर्षाला 9,36,000, म्हणजे सीटीसी, कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरून. दरवर्षी सात-आठ टक्के वाढायचे, पत्र यायचं, मी सही करून परत द्यायचे. 2024च्या डिसेंबरात कँटीनच्या मागे चहा पिताना आमच्याच डिपार्टमेंटमधला एक मुलगा सहज बोलून गेला की त्याला 10,80,000 आहेत. दोन वर्षांपूर्वी बाहेरून आलेला. 8डी रिपोर्ट, म्हणजे दोष का आला आणि काय उपाय केला याचा अहवाल, कसा लिहायचा ते त्याला मी शिकवलं, पहिल्या सप्लायर ऑडिटला मीच बरोबर घेऊन गेले. मुलगा गुणी आहे, त्याच्याविषयी माझ्या मनात काहीही नाही. त्याने विश्वासाने सांगितलं म्हणून मला कळलं तरी. पण त्या संध्याकाळी कंपनीची बस तळेगाव चौकात अर्धा तास अडकली होती आणि मी मोबाइलवर एकच भागाकार पुन्हा पुन्हा करत होते. महिन्याला बारा हजारांचा फरक. बारा हजारांत माझ्या मुलीची शाळेची फी आणि व्हॅनचं भाडं भागतं.

पुढच्या शनिवारी नाशिक फाट्याला मेट्रो पकडली, जिल्हा न्यायालयाला बदलली आणि नळ स्टॉपला उतरले.

पहिली बैठक सगळ्यांत जास्त कामाची ठरली. मला वाटलं होतं आत्मविश्वास, बसायचं कसं, नजर कुठे ठेवायची असलं काहीतरी सांगतील. मॅडमनी वहीसुद्धा उघडली नाही. पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या साहेबांच्या हातात किती आहे?" मी म्हटलं, ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही मागणार कशातून?"

त्यांनी जे समजावलं ते आठ वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. डिपार्टमेंटला वाढीसाठी एक ठराविक रक्कम मिळते, समजा एकूण पगाराच्या नऊ टक्के. ती साहेबांनी सगळ्यांत वाटायची. त्यातून मी चाळीस टक्के मागितले तर ते इतरांच्या ताटातून काढावे लागतात आणि कुठलाही साहेब ते करणार नाही. त्यामुळे 'इन्क्रिमेंट' हा शब्दच तोंडातून काढायचा नाही. मागायचं ते 'करेक्शन'. म्हणजे या कामाचा बाजारात जो पगार आहे त्याच्या खाली मी आहे, तो फरक भरून काढा. करेक्शनची मंजुरी वेगळी असते, ती प्लँट हेड आणि एचआर देतात, आणि पुढच्या वर्षाचं बजेट पक्कं व्हायच्या आत, जानेवारी-फेब्रुवारीत मागावी लागते. एप्रिलमध्ये पत्रं छापून आल्यावर केबिनमध्ये जाऊन कितीही पोटतिडकीने बोललात तरी साहेब म्हणणार, पुढच्या वर्षी नक्की बघू. ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या हातात तेव्हा खरंच काही उरलेलं नसतं.

मग म्हणाल्या, "साहेबांनाही वर जाऊन मागावंच लागतं. त्यांनी तिथे काय बोलायचं, ते तुम्ही लिहून द्या."

या एका वाक्यासाठी मी साडेसात हजारांतले पाच हजार वसूल धरते. तोपर्यंत माझ्या डोक्यात चित्र असं होतं की सर देणारे आणि मी मागणारी. सरांवर मनातल्या मनात रागही होता. पण सर प्लँट हेडसमोर बसून माझ्यासाठी भांडताना त्यांच्या हातात काय असणार, हा विचार मी कधी केला नव्हता. "ती चांगलं काम करते हो" एवढंच असणार. त्यावर कोण पैसे देतं?

दुसऱ्या बैठकीत तो कागद झाला. एकच पान. मॅडमची अट होती की पानावर विशेषण एकही नको. मी 'मेहनत', 'निष्ठा' असे शब्द घालून नेलं होतं, त्यांनी पेन्सिलीने सगळे खोडले आणि विचारलं, "कंपनीचे किती रुपये वाचले?" मी म्हटलं, क्वालिटीत असं रुपयांत सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, "डेबिट नोटवर रुपयेच लिहिलेले असतात ना?"

खरं होतं. सोमवारी फायनान्समधून शीट काढली. माझ्याकडच्या पुरवठादारांच्या मालावरून 2023-24 मध्ये कस्टमरने आमच्यावर टाकलेल्या डेबिट नोटा आणि सॉर्टिंगचा खर्च मिळून 41 लाख. एप्रिल ते डिसेंबर 2024 या नऊ महिन्यांत 9 लाख. कस्टमरकडचं रिजेक्शन 1,140 पीपीएमवरून, म्हणजे दहा लाख पार्टमागे 1,140 खराब, 210 वर. मॅडमनी इथेही अडवलं. "हे सगळं तुमच्यामुळे झालं का?" नव्हतं झालं. दोन पार्ट तर त्या वर्षी बंदच झाले होते. त्यांनी ते वजा करायला लावले आणि उरलेल्यात मी नेमकं काय केलं ते दोन ओळींत लिहायला लावलं. मी भोसरीच्या एका पुरवठादाराची गोष्ट लिहिली. तिथे सलग तीन रात्रपाळ्या मशीनशेजारी उभी राहिले होते. दिवसपाळीत डायचे, म्हणजे साच्याचे, हवा बाहेर जायचे एअर व्हेंट साफ व्हायचे, रात्रपाळीत व्हायचे नाहीत. पहाटे चारनंतर ओतलेल्या कास्टिंगमध्ये हवा कोंडायची, आणि फेल जाणारे पार्ट नेमके त्याच वेळचे निघायचे. प्रत्येक पाळीत दोनदा व्हेंट साफ करायचे आणि त्याची नोंद ठेवायची, एवढ्यावर रिजेक्शन खाली आलं. हे मी केलं होतं, पण कागदावर कधी आलं नव्हतं. 8डी रिपोर्टवर पुरवठादाराचं नाव असतं, आपलं नसतं.

आकडा ठरवताना मात्र या सेवेने निराशा केली. मदतनीस मुलाने बाजारातल्या पगारांचा तक्ता दिला, रंगीत, देखणा. त्यातल्या निम्म्या ओळी बेंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतल्या 'क्वालिटी'च्या होत्या. सॉफ्टवेअर तपासणाऱ्याचा पगार दाखवून मी चाकणच्या प्लँट हेडला काय पटवणार? दुरुस्त करून देतो म्हणाला, दिला नाही. शेवटी मीच तीन जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. एक जण रांजणगावला, एक तळेगावला, एक चाकणलाच दुसऱ्या कंपनीत. पगार विचारायची लाज वाटते आपल्याला, मलाही वाटली. मी त्यांना त्यांचा पगार विचारला नाही, "माझ्यासारख्या अनुभवाचा माणूस तुमच्याकडे आज घेतला तर कितीवर घेतील?" असं विचारलं. तिघांनीही पटकन सांगितलं. साडेअकरा, पावणेतेरा, चौदा. त्यावरून मी 13 लाख धरले. 9,36,000 वरून 13 लाख म्हणजे जवळजवळ 39 टक्के. आकडा वहीत लिहिला तेव्हा माझाच हात थबकला होता.

आता भाषेचं. मॅडमनी बोलायचा मजकूर इंग्रजीत दिला होता. 'आय बिलीव्ह माय कॉन्ट्रिब्यूशन' वगैरे. माझे सर साताऱ्याकडचे, मी मंचरची, आठ वर्षं आम्ही मराठीत बोलतोय. एकाएकी इंग्रजीत सुरू झाले तर सरांना वाटेल राजीनामाच घेऊन आली. मी हे सांगितलं तेव्हा मॅडमनी मजकूर लगेच बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मग मराठीत बोलून दाखवा." मी बोलले. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "शेवटी काय म्हणालात?"

मी म्हणाले होते, "जमलं तर बघा ना सर."

पुढचा अर्धा तास फक्त यावर गेला. त्या म्हणाल्या, सत्तावीस वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून मी हे वाक्य ऐकलंय, आणि ते कानावर पडलं की माझं काम सोपं व्हायचं. जमलं तर. म्हणजे नाही जमलं तरी चालेल, हे मागणाऱ्यानेच सांगून टाकलं. मग आम्ही एकेक क्रियापद घेऊन बसलो. "मिळावेत अशी अपेक्षा आहे" हे अर्जात शोभतं, तोंडी बोलताना हवेत विरून जातं. "द्या" म्हटलं की हुकूम वाटतो. "बघा" म्हटलं की विनंती, आणि तीही अर्धवट. शेवटी 'हवेत' ठरलं. "सर, मला 13 लाख हवेत." आणि नंतर गप्प बसायचं. स्वतःच्या वाक्याला शेपूट जोडायचं नाही, समोरचा बोलेपर्यंत एक शब्द नाही.

घरी नवऱ्याला सर करून बसवलं आणि पाच-सहा वेळा म्हणून पाहिलं. पहिल्या तीन वेळा माझ्या तोंडून शेपूट निघालंच. 'म्हणजे बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं.' घरी आईला पैसे मागतानासुद्धा आपण असंच मागत आलोय. ही सवय मोडायला कुणीतरी समोर बसून टोकावं लागतं, आणि ते काम मॅडमनी मनापासून केलं.

तिसरी बैठक मात्र घ्यायला नको होती. विषय होता, 'नाही' म्हणाले तर काय. मॅडम म्हणाल्या, बाहेरची ऑफर आहे असं सांगा. मी म्हटलं, नाहीये. त्या म्हणाल्या, सगळेच सांगतात, कागद कुणी मागत नाही. मी नाही म्हणाले. आमच्याकडे नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे. खोटी ऑफर सांगितली आणि सर म्हणाले, "बरं, जा मग", तर मी काय करणार? आणि त्याहून मोठी गोष्ट, मी क्वालिटीत आहे. पुरवठादाराने खोटा रिपोर्ट पाठवला तर मी त्याचा लॉट परत पाठवते. त्याच खुर्चीत बसून खोटा आकडा सांगायचा मला जमणार नव्हतं आणि जमवायचंही नव्हतं. मॅडम थोड्या नाराज झाल्या, चाळीस मिनिटांत बैठक आटोपली. खरी ऑफर नसलेल्या माणसाने 'नाही' ऐकल्यावर काय बोलायचं, त्याची तयारी त्यांनी मला दिलीच नाही.

आमच्या डिपार्टमेंटमधल्या त्या मुलाच्या पगाराबद्दल विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "तो विषय काढायचाच नाही. दुसऱ्याचा पगार काढला की तुमची मागणी हेव्यात जाते." सरांपुरतं मी हे मानलं. पुढे काय झालं ते सांगते.

31 जानेवारी 2025, शुक्रवार, दुपारी साडेचार. आदल्या सोमवारीच सरांना म्हटलं होतं, "सर, पगाराविषयी बोलायचंय, वीस मिनिटं हवीत." हाही मॅडमचाच सल्ला आणि चांगला सल्ला. जाता-येता दारात उभं राहून हा विषय काढायचा नाही.

मी बोलले. किती वर्षं, काय केलं, तीन वाक्यांत. मग म्हटलं, "सर, मला 13 लाख हवेत." आणि थांबले.

सरांनी टेबलावरचं व्हर्नियर कॅलिपर उचललं. जबडा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. बाहेर लीक टेस्टच्या मशीनचा बझर वाजला, म्हणजे एक पार्ट फेल गेला होता, आणि आम्हा दोघांचीही मान एकदमच तिकडे वळली. पुन्हा समोर बघितलं तेव्हा 'जमलं तर' अगदी ओठांवर आलं होतं. मी जीभ दाताखाली धरून ठेवली.

"अगं, चाळीस टक्के होतात हे," सर म्हणाले.

"हो सर."

"13 कुठून आणलेस?"

मी कागद पुढे केला. सरांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि ड्रॉइंग तपासतात तसा वरून खाली वाचला. 41 लाखांवर पेन्सिल थांबली. "हे बरोबर आहे?" मी म्हटलं, फायनान्सच्या शीटमधलं आहे, तारखा खाली आहेत, आणि बंद झालेले दोन पार्ट वजा केलेत. त्या 'वजा केलेत'वर त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं तिथेच काम झालं. म्हणाले, "13 होतील असं मी सांगत नाही. पण हा कागद माझ्याकडे राहू दे."

दुसऱ्या दिवशी अर्थसंकल्प होता. शिफ्टमध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर तेच चाललेलं. आमच्यातला एक सीनियर मला आठवडाभर सांगत होता, एवढी वाढ मागू नकोस, सगळी टॅक्समध्ये जाईल. हे ऐकून मागायचं सोडून देणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हिशोब मांडते. टॅक्स वरच्या टप्प्यात गेलेल्या रकमेवर लागतो, अख्ख्या पगारावर नाही. 2024-25च्या नव्या करप्रणालीत मला वर्षाला सुमारे 29,000 कर बसत होता. त्याच दरांनी 13 लाखांच्या सीटीसीवर 70,000च्या आसपास बसला असता. म्हणजे 3,64,000 वाढीतले 41,000 गेले असते. सगळी वाढ कुठे गेली? आणि 1 फेब्रुवारीच्या घोषणेनंतर तर 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर, पगारदारांना 75,000ची प्रमाणित वजावट धरून 12,75,000 पर्यंत, नव्या प्रणालीत करच उरला नाही. कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी बाजूला काढली की 13 लाखांची सीटीसी या मर्यादेच्या आतच राहते. पगारवाढीची तयारी करून देणाऱ्यांनी हा हिशोब पहिल्याच दिवशी समोर ठेवायला हवा. इथे तीन बैठकांत कराचा शब्दही निघाला नाही.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एचआरच्या साहेबांनी बोलावलं. 15 टक्के. डिपार्टमेंटची सरासरी आठ होती, त्यामुळे सांगणाऱ्यांचा चेहरा आता मी खूश होणार असाच होता. मी मनात गुणाकार केला: 10,76,400. मी शिकवलेल्या मुलाच्या पगारापेक्षा 3,600 रुपये कमी.

खरं सांगते, डोळे भरून आले होते. पण आवाज चढवला नाही. म्हटलं, "सर, माझ्याच कामासाठी, माझ्यापेक्षा कमी अनुभवाच्या माणसाला तुम्ही किती देता, ते तुमच्या फाइलमध्ये आहे. मी कुणाचं नाव घेत नाही. तो आकडा आणि माझा आकडा फक्त शेजारी ठेवून बघा." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. जरा वेळाने म्हणाले, "मॅडम, मला आठवडा द्या."

इथे मी मॅडमच्या सल्ल्याबाहेर गेले आणि त्याचा मला जराही पस्तावा नाही. एकाच कामासाठी बाई आणि पुरुषाला वेगळा पगार देता येत नाही, यासाठी देशात 1976 पासून समान वेतनाचा कायदा होता आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ती तरतूद आहे. मी कायद्याचं नाव काढलं नाही, धमकी दिली नाही. पण सत्तावीस वर्षं एचआरमध्ये काढलेल्या बाईंनी दुसऱ्या बाईला "तो विषय काढू नका" एवढंच सांगावं, हे मला अजूनही लागून राहिलंय. नाव न घेता, आरोप न करता, ज्याच्याकडे फाइल आहे त्याच्याकडेच तो आकडा कसा मांडायचा, हे शिकवायला हवं होतं. बायकांना याचीच गरज सगळ्यांत जास्त आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नवा आकडा आला. 11,70,000, म्हणजे 25 टक्के, आणि असिस्टंट मॅनेजरची ग्रेड. सरांनी प्लँट हेडकडे दोनदा जाऊन मंजुरी आणली होती, हे मला नंतर स्टोअरच्या माणसाकडून कळलं. सर स्वतः कधी बोलले नाहीत.

पत्राचा मसुदा हातात आला तेव्हा पहिल्या बैठकीतली आणखी एक गोष्ट उपयोगी पडली. मॅडमनी बजावलं होतं, बेरीज बघू नका, एकेक ओळ बघा. 11,70,000 मध्ये 1,20,000 'व्हेरिएबल पे' म्हणून टाकले होते. माझ्या जुन्या पगारात व्हेरिएबल नव्हतंच. म्हणजे वाढीतल्या 2,34,000 पैकी निम्म्याहून जास्त रक्कम कंपनीचा नफा आणि माझं रेटिंग यांवर लटकवलेली. मी परत गेले, शांतपणे ती ओळ दाखवली. 60,000 वर आलं. त्याहून खाली येईना, मीही जास्त ताणलं नाही.

आता हातात काय पडलं. आधी महिन्याला पीएफ, व्यवसाय कर आणि आयकर जाऊन सुमारे 64,100 यायचे. आता पीएफ आणि व्यवसाय कर जाऊन 79,000 येतात. फरक जवळजवळ 14,900चा, पण त्यातले साधारण 2,450 सरकारने कर काढल्यामुळे वाढले. कंपनीकडून महिन्याला वाढले ते साधारण 12,450. कागदावर 25 टक्के, आयकर बाजूला ठेवला तर महिन्याच्या हातातल्या रकमेत सुमारे साडेअठरा. व्हेरिएबल वेगळं, ते वर्षातून दोनदा मिळतं. ऑक्टोबरात 30,000 पैकी 26,000 आले. पीएफही वाढला, तो आज दिसत नाही पण माझाच आहे. ग्रॅच्युइटीची ओळ सीटीसीत धरलेली असते, तिचा हक्क साधारण पाच वर्षं सलग नोकरी झाल्यावर लागतो. माझी आठ झाली होती म्हणून मी ती मोजली. तुमची दोनच झाली असतील तर ऑफर तपासताना ती रक्कम हातची धरू नका.

13 मिळाले नाहीत. मी 11 मागितले असते तर 11,70,000 नक्कीच मिळाले नसते, एवढं मला कळतं. राहिलेल्या फरकासाठी या जानेवारीत पुन्हा सरांची वीस मिनिटं मागितली, नव्या वर्षाचा कागद दिलाय, उत्तर यायचंय. आणि त्याच दिवशी सरांनी ड्रॉवरमधून माझा जुना कागद काढून विचारलं, "हे असं रुपयांत मांडायचं तुला कुणी शिकवलं? माझाही रिव्ह्यू आहे पुढच्या महिन्यात." आम्ही दोघं बसून त्यांच्या वर्षाचे आकडे काढले. सरांनीही पहिल्या ओळीत 'टीमवर्क' लिहिलं होतं. मी ते पेन्सिलीने खोडलं आणि त्यांनी खोडू दिलं.

तर या सेवेविषयी. आता फी नऊ हजार झाली आहे असं कळलं, आगाऊ पैसे घ्यायची पद्धत तीच. कारखान्यात, बँकेत, दवाखान्यात, जिथे साहेबाच्या वर साहेब आहे अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्यांनी पहिल्या दोन बैठका जरूर घ्याव्यात. डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत जा, मार्चमध्ये जाऊन उपयोग नाही. दुकानात किंवा छोट्या फर्ममध्ये मालकाच्या हाताखाली थेट काम करत असाल तर करेक्शन, ग्रेड, प्लँट हेड यांतलं फारसं काही लागू पडणार नाही. पगारांचा रंगीत तक्ता घेऊ नका, ओळखीच्या तीन माणसांना फोन करा. ऑफर असल्याचं सांगा म्हणाले तर सरळ नाही म्हणा.

आमच्या लाइन इन्स्पेक्शनमधली एक मुलगी येत्या शनिवारी जाते आहे. तिला सांगितलंय, तिसऱ्या बैठकीचे पैसे आधी देऊ नकोस, हवं तर भांड त्यांच्याशी त्यावर. आणि कागद झाला की घेऊन ये, आपण फायनान्सच्या शीटशी ताडून बघू.